बेस आहे, बाई कुठाय?

हळदीच्या रिमिक्सबद्दल आपल्याकडे दोनच प्रकारचं लिहिलं जातं. एक म्हणजे पोलीस ठाण्यात दिलेला तक्रार अर्ज आणि दुसरं म्हणजे स्टेटसवर टाकलेले आगीचे इमोजी. अर्ज लिहिणाऱ्याला त्यात फक्त गोंगाट ऐकू येतो आणि इमोजी टाकणाऱ्याला फक्त दणका. हे संगीत आहे, ते कुणीतरी बसून केलंय आणि ते चांगलं किंवा वाईट केलेलं असू शकतं, असं गृहीत धरून कुणी बोलतच नाही. मला तेच करायचंय.

मी शहापूर तालुक्यात राहतो. आसनगाव-वासिंदपासून खर्डीपर्यंत आणि पलीकडे मुरबाड, सरळगाव, टोकावड्यापर्यंत लग्नसराईत जे वाजतं त्यातलं बरंचसं आता तयार माल म्हणून मुंबईहून येत नाही. ते इथेच तयार होतं. बारावी झालेला किंवा एमआयडीसीत शिफ्ट करणारा एखादा पोरगा, जुना लॅपटॉप, त्यावर एफएल स्टुडिओ, कानात चार-पाचशे रुपयांचे इअरफोन किंवा टेबलावर दोन छोटे स्पीकर. जगात इतरत्र याला ‘होम प्रोड्यूसर’ म्हणतात आणि त्याच्या मुलाखती छापतात. आपल्याकडे त्याला ‘डीजेवाला पोरगा’ म्हणतात. काम मात्र तेच आहे: दहा-वीस ट्रॅक एकमेकांवर रचायचे आणि त्यातलं काय पुढे, काय मागे, काय वर, काय खाली हे ठरवायचं. याच ठरवण्याला मिक्सिंग म्हणतात.

आणि मिक्सिंग ही नुसती तांत्रिक गोष्ट नसते. कुणाचा आवाज ऐकू जावा आणि कुणाचा जाऊ नये, हा निर्णय तिथे होतो. मला या रिमिक्सशी जे भांडायचंय ते तिथेच.

साचा

एकाच ट्रॅकचं नाव घेऊन कुणाला झोडपण्यात अर्थ नाही, कारण साचा एकच आहे. सुरुवातीला हॉर्न किंवा सायरन. मग डीजेच्या नावाचा टॅग, भरपूर इको लावलेला. मग आठ-सोळा बार नुसती किक, बेस किती खाली जातो ते दाखवायला. त्यानंतर बेंजोची धून. हा बेंजो म्हणजे आपला बुलबुलतरंग. जपानी ताइशोगोतो या वाद्यावरून तो आपल्याकडे आला आणि पिकअप लावून इतका कर्कश झाला की मूळ जपानी माणूस ओळखणार नाही. आता तर तोही सॅम्पलमधून येतो. आणि मग, कुठेतरी दीड मिनिटाला, बाईचा आवाज.

हा आवाज कुठून येतो ते बघण्यासारखं आहे. कधी तो ‘वेसावकर आणि मंडळीं’च्या काळातल्या एखाद्या कॅसेटवरून उचललेला असतो. कधी गावातल्याच हळदीत कुणीतरी मोबाइलवर रेकॉर्ड केलेला असतो. पूर्वी मूळ गाण्यातून आवाज वेगळा काढणं जवळपास अशक्य होतं. २०१९ मध्ये डीझर कंपनीने ‘स्प्लीटर’ हे साधन मोफत खुलं केलं, फेसबुकचं ‘डेमक्स’ही आलं आणि आता फोनवरच्या अ‍ॅपमध्येही कुठल्याही गाण्यातून गळा वेगळा निघतो. निघतो म्हणजे, बराचसा निघतो. मागे पाण्याखालून बोलल्यासारखा एक थरथरता गाळ राहतो. यूट्यूबवरून उतरवलेली एमपी३, तिच्यातून काढलेला गळा, त्याचा पुन्हा एमपी३, त्यावर दुसऱ्या कुणाचा रिमिक्स. चौथ्या पिढीपर्यंत ती बाई उरते ती फोटोकॉपीच्या फोटोकॉपीसारखी.

आणि ती गाऊ लागली की पाचव्या सेकंदाला तिच्यावर टॅग येतो. डीजे अमुक, इन द मिक्स. चोरी होऊ नये म्हणून टॅग लावतात हे मला कळतं. इथे सगळेच एकमेकांचं उचलतात. पण टॅग किकवर का नाही येत? बेंजोवर का नाही? जिथे शब्द आहेत तिथेच तो का आदळतो? कारण बनवणाऱ्याच्या लेखी शब्द ही रिकामी जागा आहे.

कुणाचे शब्द?

ठाणे-रायगडच्या आगरी लग्नांमध्ये धवलारीण असते. धवले गाणारी, गात गात लग्नाचे विधी पुढे नेणारी बाई. ती पुरोहितच. तिचे धवले संथ असतात, बहुतेकदा वाद्याच्या साथीशिवाय, एकीने उचलायचं आणि बाकीच्यांनी झेलायचं असे. हळद दळताना, हळद लावताना काय करायचं, कुणाला बोलवायचं, कुठल्या देवाला आवतण द्यायचं हे सगळं त्या गाण्यांत असतं. शाळेत आपण शिकलो की मराठीतली पहिली कवयित्री महदंबा, तेराव्या शतकातली, महानुभाव पंथाची. तिची प्रसिद्ध रचना कोणती? ‘धवळे’. रुक्मिणी-कृष्णाच्या लग्नाची गाणी. म्हणजे मराठी बाईच्या नावावर असलेली सर्वांत जुनी कविता ही लग्नात गायची गोष्ट आहे आणि त्या शब्दाचं आजचं रूप मांडवात अजून जिवंत आहे.

मी भावुक होऊन हे सांगत नाही. परंपरा डबीत बंद करून ठेवावी असंही माझं म्हणणं नाही. कोळीगीतं कॅसेटवर आली तेव्हाही ती बदललीच. त्यात कीबोर्ड आला, ऑक्टोपॅड आला. बदलाला हरकत नाही. माझा मुद्दा साधा आहे: ज्या गाण्याला आपण ‘हळदी स्पेशल’ म्हणतो त्यातली हळद शब्दांत आहे. किकमध्ये हळद नाही. तीच किक गणपतीला वाजते, वाढदिवसाला वाजते, निवडणुकीच्या मिरवणुकीत वाजते. शब्द ऐकू आले नाहीत तर ते कुठलंही गाणं असू शकतं.

दहा बाय दहाची खोली

आता बेस एवढा का वाढतो? ‘पोरांना अक्कल नाही’ हे उत्तर सोपं आणि चुकीचं आहे. बरंचसं उत्तर खोलीत आहे.

गावाकडे किंवा चाळीत खोली दहा बाय दहा फुटांची असते. दहा फूट म्हणजे साधारण ३.०५ मीटर. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर. दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये जी लाट नेमकी अर्धी मावते, तिची कंपनसंख्या येते ५६ हर्ट्झच्या आसपास. या लाटेला अशा खोलीत एक खोड असते: भिंतीपाशी ती फुगते आणि खोलीच्या मध्यावर जवळजवळ नाहीशी होते. लांबी आणि रुंदी सारखीच असेल तर दोन्हीकडून हेच घडतं, म्हणजे खोड दुप्पट.

आता किकची गंमत बघा. या रिमिक्समध्ये सर्वांत लाडकी किक म्हणजे ‘एट-ओ-एट’. १९८० साली रोलँड कंपनीने काढलेल्या टीआर-८०८ या यंत्रातली लांब घुमणारी किक. तिचा मूळ सूर ५० हर्ट्झच्या आसपास. म्हणजे पोरगा खोलीच्या मधोमध खुर्ची टाकून बसला तर नेमकी त्याची किक त्याला ऐकू येत नाही. तो ती वाढवतो. अजून वाढवतो. खोलीत आता कुठे बरं वाटायला लागतं. तोच ट्रॅक संध्याकाळी उघड्या मैदानात चार बेस, चार टॉपच्या गाडीवर चढतो. तिथे भिंती नाहीत, लाट गिळणारं कुणी नाही. मग सगळा वाढवलेला बेस एकदम बाहेर येतो आणि पहिल्या रांगेतल्या आजीच्या छातीत धडधडतो.

भिंतीला टेकून बसणाऱ्याचं उलटं होतं. त्याला बेस फुगलेला ऐकू येतो, तो कमी करतो आणि मांडवात ट्रॅक पोकळ वाजतो. इअरफोनवर मिक्स करणाऱ्याचं तिसरंच. स्वस्त इअरफोनमध्ये कंपनीनेच बेस चढवलेला असतो.

यावर भिंतीला अंड्याचे ट्रे चिकटवणं हा सगळीकडचा लाडका उपाय आहे. ट्रेने वरचे, चिरचिरे आवाज थोडे विखुरतात. ५६ हर्ट्झची लाट सहा मीटरहून लांब असते, तिला ट्रे दिसतसुद्धा नाही. पातळ गोधडीचंही तेच. काम करते ती जाडी: कोपऱ्यात उभी केलेली कापसाची गादी, कपड्यांनी गच्च भरलेलं उघडं कपाट, एकावर एक रचलेल्या गाद्यागिरद्या. त्याहून स्वस्त उपाय म्हणजे खुर्ची हलवणं. मधोमध नको, भिंतीलाही नको; समोरच्या भिंतीपासून खोलीच्या एक तृतीयांशाहून थोडं जास्त अंतर सोडून बसावं. दहा फुटांत पावणेचार-चार फूट. एक पैसा न घालता ट्रॅकमधला अर्धा घोटाळा इथे सुटतो.

सहाचा ठेका, चारचं ग्रिड

दुसरी गोष्ट सॉफ्टवेअरमध्ये आहे. एफएल स्टुडिओ हे बेल्जियममधल्या इमेज-लाइन कंपनीचं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी ते ‘फ्रूटीलूप्स’ या नावाने आलं. ते उघडलं की समोर सोळा चौकोन येतात. चार-चारचे चार गट. या सोळा घरांत किक भरत गेलं की पाच मिनिटांत नाचता येईल असा ठेका तयार. म्हणूनच ते जगभर घराघरांत पोचलं.

पण आपल्या कोळी-आगरी गाण्यांचा ठेका बहुतेकदा सहाचा असतो, झुलता, होडीसारखा. तो सोळा घरांत बसत नाही. सेटिंग बदलून बसवता येतो. दोन क्लिकचं काम आहे. पण जे समोर येतं तेच बरोबर, असं आपण मानतो. मग गाणंच ताणलं जातं. बाईचा गळा ओढून चारच्या चौकटीत कोंबतात आणि त्या ओढाताणीत अक्षरांच्या कडा फाटतात. धवल्याचं तर आणखी अवघड. तो मोजून गायलेला नसतोच. गाणारी बाई दम लागेल तिथे थांबते, पुढच्या ओळीला उशिरा येते. ते थांबणं हा दोष नाही, तो तिचा ठेका आहे.

इथे मला रिमिक्सवाल्यांचा खरा कंटाळा येतो. दणक्याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती आळसाला. एकही ट्रॅक असा ऐकू येत नाही की ज्यात किक थांबून बाईची वाट बघते.

तीन यंत्रं, एक माणूस

वाट बघणं म्हणजे काय ते ऐकायचं असेल तर १९८२ सालात जावं लागेल. मुंबईच्या सिनेसंगीतात वादक म्हणून काम केलेल्या चरणजित सिंग यांनी त्या साली एचएमव्हीसाठी एक रेकॉर्ड केली: ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’. हाताशी रोलँडची तीन यंत्रं. टीआर-८०८ हे तालाचं, टीबी-३०३ हे बेसचं आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर. भैरव, ललित, भूपाली, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी असे दहा राग, दहा तुकडे. तेव्हा कुणी फारसं विचारलं नाही. २०१० मध्ये नेदरलँड्समधल्या ‘बॉम्बे कनेक्शन’ने ती पुन्हा काढली आणि जग चकित झालं, कारण शिकागोच्या फ्यूचर या गटाचं ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ आलं १९८७ मध्ये. ज्या ३०३च्या पिळदार आवाजावर तिथे अ‍ॅसिड हाऊस उभं राहिलं, तो आवाज मुंबईत पाच वर्षं आधी भैरव वाजवत होता.

या रेकॉर्डचं कौतुक नेहमी ‘आम्ही आधी केलं’ या सुरात होतं. मला ते महत्त्वाचं वाटत नाही. चरणजित सिंग अ‍ॅसिड हाऊस करायला बसले नव्हते. ते रागांवर डिस्को करत होते. मला त्यातली मांडणी महत्त्वाची वाटते. खाली ताल, त्याच्या जरा वर सतत पळणारा बेस, सर्वांत वर रागाची धून आणि मधला मजला जवळजवळ रिकामा. तीनच यंत्रं असल्यामुळे कुणी कुणाच्या अंगावर जात नाही. ताल पहिल्यापासून शेवटपर्यंत तसाच, कधी कधी कंटाळा येईल इतका तसाच. रेकॉर्ड थंड आहे, तिच्यात घाम नाही, तिच्यावर हळदीत नाचता येणार नाही. पण फोनवर लावा, इअरफोनवर लावा, मोठ्या स्पीकरवर लावा, धून हरवत नाही.

आमच्या पोराच्या लॅपटॉपमध्ये ८०८ आहे, ३०३ची नक्कल आहे आणि वर आणखी हजारभर आवाज आहेत. अडचण तिथेच सुरू होते. सगळे आवाज आहेत म्हणून सगळे वापरायचे, हा मोह आवरत नाही.

बाईला जागा

मग काय करायचं? मी काही उपदेशक नाही, पण ऐकणारा म्हणून काही गोष्टी इतक्या उघड दिसतात की त्या सांगायलाच हव्यात.

पहिली गोष्ट, आवाज वाढवायच्या आधी काहीतरी कमी करून बघा. आपला कान दोन ते पाच हजार हर्ट्झच्या पट्ट्यात सर्वांत तिखट असतो. शब्दांतली व्यंजनं, त, क, स, च, जी नसतील तर शब्द कळत नाहीत, तीही बरीचशी याच भागात. आणि बेंजोची धारही नेमकी इथेच. म्हणजे बेंजो आणि बाई एकाच दारातून आत शिरायला बघतात. बाईला ढकलून वर चढवण्यापेक्षा ती गाते तेवढ्यापुरता बेंजोचा हा पट्टा तीन-चार डेसिबलने खाली घ्या. बेंजो मरत नाही, नुसता बाजूला सरकतो. मांडवात आपण मोठ्या माणसाला वाट देतो तसा.

हा हिशेब पैशांचाही आहे. आवाज कानाला दुप्पट वाटायला हवा असेल तर अ‍ॅम्प्लिफायरची ताकद साधारण दहापट लागते. दहापट! त्यासाठी गाडीवर आणखी पेट्या चढतात, जनरेटर मोठा लागतो, भाडं वाढतं. आणि तीन डेसिबल कापायला काय लागतं? माऊस.

दुसरी गोष्ट, साइडचेन. हे तंत्र या पोरांना चांगलं येतं: किक वाजली की बेस क्षणभर दबतो, त्यामुळे दोघं एकमेकांत चिखल करत नाहीत. ट्रॅक श्वास घेतल्यासारखा होतो तो यामुळेच. माझी विनंती एवढीच, की हेच तंत्र एक पायरी वर न्या. बाईचा आवाज आला की बेंजो, पॅड, ब्रास हे सगळं जरासं दबू द्या. किकला जो मान आहे तो गळ्याला द्या.

तिसरी गोष्ट, रिव्हर्ब. गळ्यावर मोठ्या हॉलचा रिव्हर्ब चढवला की घरी ‘प्रोफेशनल’ वाटतं. मांडवात समोरच्या घरांच्या भिंतींवरून आवाज परत येतच असतो. त्यात तुमचा हॉल मिसळला की शब्दांचं धुकं होतं. त्याऐवजी एक छोटा डिले, तोही हळू. आणि गळ्याचा खालचा, शंभर हर्ट्झच्या आतला भाग सरळ कापा. तिथे बाई नसते, मोबाइल हातात धरल्याची घरघर असते.

चौथी गोष्ट, मोनो. फोनच्या स्पीकरवर डावं-उजवं असं फारसं उरत नाही आणि डीजेच्या गाड्यांवरही बहुधा सगळीकडे एकच आवाज सोडलेला असतो. ‘वाइड’ करण्याच्या प्लगइनने पसरवलेला आवाज मोनोमध्ये स्वतःलाच खातो. मास्टरवर मोनोचं बटण दाबून ऐका. गळा पातळ झाला तर समजा, मांडवातही तो तसाच पातळ होणार आहे.

पाचवी गोष्ट फोनच्या स्पीकरची. त्यातून ५० हर्ट्झ येत नाही, कितीही वाढवा. पण कानाची एक जादू आहे: १००, १५०, २०० हे वरचे सूर ऐकू आले की मेंदू खालचा ५० स्वतःच भरून घेतो. म्हणून किकला थोडं सॅच्युरेशन द्या, वरचे सूर तयार होतील आणि फोनवरही ती कळेल. बेसचा फेडर जागेवर ठेवून.

सहावी गोष्ट, हळू ऐकून मिक्स करा. १९३३ साली बेल लॅब्समधल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी मोजून दाखवलं की आवाज जसा लहान होतो तसा आपल्या कानाला बेस जास्त कमी ऐकू येतो. म्हणून मोठ्याने लावलं की कुठलाही ट्रॅक भारी वाटतो. तो भारी असतोच असं नाही. शेजारच्या खोलीतली आई काय म्हणतेय ते कळेल इतक्या हळू आवाजात मिक्स करा. तिथे बाईचे शब्द कळले तर ते मैदानातही कळतील. हळू ऐकताना बेस थोडा कमी वाटणारच. तो तिथे वाढवायचा नाही.

शेवटची गोष्ट, लिमिटर. ट्रॅक वीट होईपर्यंत दाबायची शर्यत कुणी जिंकत नाही. यूट्यूब आणि स्पॉटिफाय मोठ्या आवाजाचा ट्रॅक आपणहून खाली आणतात, साधारण उणे १४ एलयूएफएसच्या पातळीला. तुम्ही उणे ६ ला दाबलेला ट्रॅक तिथे आठ डेसिबलने खाली येतो आणि शेजारच्या मोकळ्या मिक्सपुढे चपटा वाजतो. मांडवात तर डीजे पुन्हा त्याच्या मशीनवर दाबतोच. फाटलेलं कापड दुसऱ्यांदा फाडण्यात काय मजा?

नाव

हे सगळं केलं तरी एक गोष्ट उरते. ती कुठल्याही प्लगइनमध्ये नाही.

२०१९ मध्ये मुंबईच्या ‘स्वदेसी’ या हिप-हॉप गटाने ‘द वारली रिव्होल्ट’ हे गाणं केलं. आरेच्या जंगलासाठी लढणारे आदिवासी कार्यकर्ते आणि गायक प्रकाश भोईर त्यात गातात. आदिवासी गाण्याचा तुकडा इलेक्ट्रॉनिक ट्रॅकवर लावून ‘ट्रायबल फील’ आणणं ही जगभरची जुनी खोड आहे. इथे तसं होत नाही. भोईर यांचा आवाज सजावटीसाठी नाही, गाण्याचा कणा तोच आहे आणि रॅप त्याच्याशी बोलायला येतो. नावांच्या यादीतही त्यांचं नाव आहे. मिक्समध्ये त्यांना जी जागा मिळते ती आणि ओळीत छापलेलं नाव, या दोन गोष्टी मला एकाच निर्णयाच्या दोन बाजू वाटतात. ज्याला तुम्ही सहकलाकार मानता त्याच्यावर तुम्ही सायरन नाही वाजवत.

न्यूक्लिया यांनीही ‘बास रानी’मध्ये (२०१५) रस्त्यावरच्या वरातीचा आणि मिरवणुकीचा आवाज मोठ्या स्टेजवर नेला आणि झकास नेला. पण तो प्रवास रस्त्यावरून स्टेजकडे होता. आमच्या तालुक्यातल्या पोराला उलट दिशा उपलब्ध आहे आणि ती त्याच्या लक्षात येत नाही. मूळ आवाज त्याच्या घराच्या दोन गल्ल्या पलीकडे राहतो. चौथ्या पिढीची एमपी३ वापरायची गरजच काय? धवलारीण गावात आहे. तिच्याकडे जा, विचारा, हो म्हणाली तर रेकॉर्ड करा. व्हॉट्सअ‍ॅपच्या व्हॉइस नोटवर नको, तो आवाज दाबून पाठवतो. फोनच्या रेकॉर्डरमध्ये वेव फाइल ठेवा. पावसाळ्यात नको, पत्र्यावरच्या पावसापुढे कुठलाच माइक टिकत नाही. गाद्यांच्या खोलीत बसवा, फोन वीतभर लांब, तोंडाच्या जरा बाजूला. आणि गाण्याच्या नावात तिचं नाव टाका, डीजेच्या आधी. पैसे मिळाले तर तिचा वाटा द्या. तिने नाही म्हटलं तर नाही. सगळेच धवले मैदानात वाजवायचे नसतात, हे तिला तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं.

आवाज कमी केला तर

आता तक्रार अर्जाकडे परत येऊ, कारण तो अर्जही खोटा नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ ही मर्यादा आहे. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद. राज्य सरकारला सणासमारंभांसाठी वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सूट देता येते. डीजेची गाडी ५५ च्या आसपासही राहत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. मांडवाशेजारच्या घरात बाळंतीण असते, आजारी म्हातारा असतो, उद्या परीक्षेला बसणारी पोरगी असते. त्यांचं काय, हा प्रश्न ‘आमची संस्कृती’ म्हणून उडवून लावता येत नाही. संस्कृती ऐकूच येत नसेल तर नाहीच नाही.

पण शहरातून येणारी टीकाही मला अर्धीच वाटते. तिला फक्त डेसिबल मोजता येतात. पोरांचं काम बंद पडलं, गाडी जप्त झाली, की तिचा प्रश्न सुटतो. मला वाटतं, प्रश्न मिक्सचाही आहे. जो ट्रॅक फक्त मोठ्याने वाजवल्यावरच बरा वाटतो, तो वाईट मिक्स केलेला ट्रॅक आहे. त्याला आवाज लागतो कारण आत दुसरं काही नाही. ज्या ट्रॅकमध्ये शब्द कळतात, ठेका झुलतो, किक वाट बघते, तो दहा वाजता गाडी बंद झाल्यावर ओटीवरच्या छोट्या स्पीकरवरही चालतो. लोक त्याच्यासोबत गातात. आणि लोक गायला लागले की स्पीकर आपोआप हळू करावा लागतो, नाहीतर स्वतःचाच आवाज ऐकू येत नाही.

म्हणून या लग्नसराईत येणारा प्रत्येक नवा रिमिक्स मी एकाच कसोटीवर लावणार आहे. आधी फोनवर, अर्ध्या आवाजात. किक किती खोल जाते ते मी बघणार नाही. दुसऱ्या कडव्यात बाई कुणाला आवतण देतेय, एवढं मला कळलं पाहिजे. ते कळलं तर पोरगं कुठल्याही गावचं असो, कुठल्याही लॅपटॉपवर बसलेलं असो, त्याला मिक्सिंग येतं.